दुसरी किडनी भावाकडे आहे

मला एकच किडनी आहे. दुसरी माझ्या थोरल्या भावाच्या, आप्पाच्या पोटात आहे. आप्पा फौजेतून निवृत्त होऊन गावी आला आणि थोड्याच वर्षांत त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. माझी जुळली, मी दिली. त्याला आता दहाच्या वर वर्षं झाली. कुणी कौतुक करायला लागलं की मी विषय बदलायचो, कारण हा विषय निघाला की सुनंदाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, चेहरा बदलायचा. त्या वेळी तिनं संमतीच्या कागदावर सही केली होती, पण मनापासून नाही. तेव्हापासून ती आप्पाशी कामापुरतंच बोलायची.

माझ्या या उरलेल्या एका किडनीत गाठ निघाली. ती कॅन्सरची होती. सांगलीच्या एका हॉस्पिटलमध्ये रोबोटच्या मदतीनं माझं ऑपरेशन झालं. ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. औषधांची नावं यात सापडणार नाहीत, मला ती अजून धड उच्चारता येत नाहीत. भीतीबद्दल मात्र लिहीन, कारण त्यात मी आता अनुभवी झालो आहे.

आणखी एक सांगून ठेवतो. मी साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात रोबोटच्या देखभालीचं काम करतो. त्यामुळे रोबोट म्हटल्यावर मला इतरांपेक्षा कमी भीती वाटली असेल, असं लोकांना वाटतं. खरं तर कितीतरी जास्त वाटली.

तपासणी

किडनी दिलेल्या माणसानं वर्षातून एकदा तपासून घ्यायचं असतं. मी दरवर्षी जायचो, सोनोग्राफी करून घ्यायचो, रिपोर्ट चांगला आला की येताना भजी खायचो. यंदा सोनोग्राफीवाले डॉक्टर पोटावरून यंत्र फिरवता फिरवता एका जागी थांबले. तीच जागा परत परत बघायला लागले. मग म्हणाले, "जरा त्या कुशीवर व्हा. दुसरी बाजू बघू."

मी म्हणालो, "त्या बाजूला नाही काही. दुसरी भावाकडे आहे."

त्यांनी यंत्र पुसून जागेवर ठेवलं. डॉक्टर बोलायचे थांबले की पेशंटला सगळं कळतं.

पुढे सीटी स्कॅन झालं. साताऱ्यातल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून मला आणि सुनंदाला दाखवली. गाठ लहान होती, पण रक्तवाहिनीला खेटून होती. ते म्हणाले, "बहुतेक कॅन्सरच आहे. दुसरी किडनी असती तर मी म्हणालो असतो, ही काढून टाका आणि विसरून जा." त्यांनी ते सरळ मनानं सांगितलं. मी सुनंदाकडे बघायचं टाळलं. पूर्ण काढली तर आयुष्यभर डायलिसिस. वाचवायची तर नुसती गाठ कोरून काढायची, आणि एवढ्या अडचणीच्या जागी ते काम रोबोटनं चांगलं होतं, तसं यंत्र आता सांगलीत आलंय, तिकडे जा, असं त्यांनी सांगितलं.

रिक्षात बसल्यावर सुनंदा एवढंच म्हणाली, "होती की दुसरी." पोवई नाका येईपर्यंत दोघंही रस्त्याकडे बघत राहिलो.

माझी भीती

आमच्या कारखान्यात वेल्डिंगचे रोबोट आहेत. मोठे पिवळे हात, जाळीच्या कुंपणाआड. ते आले तेव्हा वेल्डर लोक माझ्याशी बोलेनासे झाले होते, जणू मीच ते घरून आणले होते. हळूहळू सवय झाली. आमच्याकडे रोबोटला 'शिकवतात'. म्हणजे त्याचा हात धरल्यासारखा एकेका जागी न्यायचा, ती जागा त्याच्या डोक्यात भरायची, की मग तो दिवसभर न चुकता तिथंच जातो. अडचण हीच की तो तिथंच जातो. मध्ये कुणी ट्रॉली विसरलं तर ट्रॉलीसकट जातो. मी एकदा ती चेपलेली ट्रॉली उचलली आहे. म्हणून आमच्याकडे कुंपणात शिरायचं तर आधी वीज तोडायची, खटक्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. साहेब आला तरी दुसऱ्याच्या हातात किल्ली द्यायची नाही. नवीन पोरांना मी हे दरडावून सांगत आलो.

आणि आता मला सांगत होते की बेशुद्ध होऊन त्याच्या हाताखाली झोपा, आणि वीज चालू असेल.

सांगलीच्या डॉक्टरांना मी पहिल्याच भेटीत विचारलं, "तुमच्या रोबोटला शिकवतं कोण?"

त्यांना प्रश्न कळला नाही. मी काय काम करतो ते सांगितल्यावर ते खुर्ची पुढे ओढून बसले. म्हणाले, "आमच्याला काहीच शिकवलेलं नसतं हो. मी हात हलवला तर तो हलतो. मी पडद्यावरून डोळे काढले तर आहे तिथं थांबतो. स्वतःच्या मनानं काही करत नाही."

"मग तो रोबोट कसला? लांब दांड्याचा चिमटाच झाला."

"चिमटाच समजा. फक्त माझा हात थरथरला तरी तो थरथरत नाही, आणि माझं मनगट वळणार नाही तिथं तो वळतो."

मला बरं वाटलं. मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. गाठ कापताना किडनीचा रक्तपुरवठा थोडा वेळ बंद करावा लागतो. तेवढ्या वेळात गाठ काढून शिवून व्हायला हवं. जास्त वेळ लागला तर किडनी मरते. आत गेल्यावर गाठ दिसते त्यापेक्षा खोल निघाली, तर पूर्ण किडनी काढायची की नाही, हे मी आधीच सांगून ठेवायचं होतं. "विचार करून सांगा," ते म्हणाले. सुनंदानं पदराचं टोक बोटाला गुंडाळून घेतलं होतं.

पेढा

सुनंदाची बहीण सांगलीत विश्रामबागला राहते. आम्ही तिच्याकडे उतरलो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ॲडमिट झालो. रात्रीपासून तोंडात काही घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असं सिस्टरनी बजावून सांगितलं.

सकाळी सुनंदा खाली बिलाच्या खिडकीवर गेली होती तेव्हा आप्पा आला. पहिली एसटी पकडून आला होता. किडनी बसवल्यापासून तो गर्दीत तोंडाला मास्क लावतो. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते आणि ते रात्रभर न झोपलेले होते. निघताना गावच्या देवीला जाऊन आला होता. माझ्या कपाळाला अंगारा लावला, खिशातून कागदाची पुडी काढली. आत पेढा होता.

"आप्पा, काय खायचं न्हाई म्हणालेत."

"आरं, खायाला कोण सांगतंय? परसाद हाय. परसाद म्हंजी काय खाणं हाय व्हय?"

मला ते पटलं. आज हे वाचणाऱ्याला हसू येईल, पण आमच्या घरात कडक उपासाच्या दिवशीसुद्धा प्रसाद नाकारायची रीत नाही. प्रसाद पोटात जातो असं कुणी धरतच नाही. तरी त्यानं कण दिला असता तर कणच खाल्ला असता. त्यानं अख्खा पेढा हातावर ठेवला, आणि त्याच्या डोळ्यांकडे बघून मी अख्खा खाल्ला.

थोड्या वेळानं भूल देणाऱ्या मॅडम आल्या. "काही खाल्लं का?"

"नाही."

"पाणी, चहा?"

"नाही मॅडम. फक्त प्रसाद घेतला."

त्यांनी पेन थांबवलं. "कसला प्रसाद?"

"पेढा."

मॅडम रागावल्या नाहीत. भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर माणूस टेबलावरच दगावतो, देवीलाही ते चालणार नाही, असं शांतपणे म्हणाल्या आणि ऑपरेशन रद्द केलं. दुपारी यंत्रावर दुसरा पेशंट होता, नंतरच्या दिवशी डॉक्टर बाहेरगावी. पुढची तारीख आठवड्यानं मिळाली. कृपा करून हे लक्षात ठेवा: उपाशी म्हणजे प्रसादही नाही, तीर्थही नाही. देवाला हात जोडून सांगा, नंतर घेतो.

सुनंदा वर आली, तिला कळलं, आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं तिथं कॉरिडॉरमध्ये बाहेर पडलं. "आप्पा, एक घेतलीत. आता दुसरीचंही वाटोळं करायचंय का?"

आजूबाजूचे नातेवाईक बघायला लागले. आप्पानं मान खाली घातली. मास्कची दोरी कानामागं नीट केली आणि जिन्यानं खाली निघून गेला. मी अंगात हॉस्पिटलचा झगा घालून पलंगावर बसून होतो. मला दोघांचाही राग आला होता आणि दोघांचीही कीव येत होती.

आप्पा कुठे गेला

आम्हाला वाटलं, तो स्टँडवर गेला. दोन दिवसांनी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, "तुमचे भाऊ त्या दिवशी माझ्याकडे आले होते. दुपारपर्यंत बाहेर बाकावर बसले होते, नंबर लागेपर्यंत."

"कशाला?"

डॉक्टर जरा घुटमळले. "म्हणाले, माझ्यातली काढा आणि त्याला परत घाला. त्याचीच हाय, त्याला लगेच जुळंल. मी त्यांना समजावलं की असं होत नाही, आणि झालं तरी तुम्ही वाचणार नाही. तर म्हणाले, मी कागदावर लिहून देतो."

मी टेबलावरच्या काचेकडे बघत राहिलो. मला रडू आवरेना, तसं मी ते आवरलंही नाही. सुनंदा माझ्या शेजारी होती. परत येताना रिक्षात तिनं स्वतःहून माझा हात धरला आणि विश्रामबाग आलं तरी सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटा एसटीनं गावी गेलो. आप्पा अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मला बघून उठायला लागला. मी म्हणालो, "बस. भांडायला न्हाई आलो. एक इचारायचं हाय. डायलिसिस कसं असतं, खरं सांग. तवा तू कवाच सांगितलं न्हाईस."

तो परत खुर्चीत टेकला. मग म्हणाला, "सुई टोचत्यात त्याचं काय न्हाई रं. त्याची सवय व्हतीय. तहान लय वंगाळ. पाणी मोजून प्यायचं. उसाला पाणी सोडलेलं असायचं, मी बांधावर बसून नुसतं बघायचो. लय येळा वाटलं, पाटात तोंड घालावं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आन तिथनं आलं की अंगातनं जीव काढून घेतल्यागत व्हतंय. दुसऱ्या दिशी जरा माणसात येतोय तवर परत जायाची पाळी."

"मग काढाय लागली तर काढू देऊ का नको?"

"काढू दे." तो पटकन म्हणाला. "गाठ ठिवून मरू नगस. मी जगलो न्हवं का तसा? तूबी जगशील. मी नेईन तुला दर टायमाला. मला समदं म्हाईत हाय तिथलं."

मग तो रडायला लागला. सीमेवर राहून आलेला माणूस, आईच्या मयतीलाही तो असा रडला नव्हता. "सदा, तुझी घेऊन बसलोय म्या," एवढंच परत परत म्हणत होता. मी त्याला म्हणालो की मी दिली होती, तू काढून नेली नव्हतीस, आणि आजही देईन. हे मी त्याला बरं वाटावं म्हणून म्हणालो नाही. तसं आहे म्हणून म्हणालो. निघताना त्यानं विचारलं, ऑपरेशनच्या दिवशी येऊ का. मी ये म्हणालो. तो म्हणाला, "वर न्हाई येणार. सुनंदाला तरास नगं."

सांगलीला परत येऊन मी डॉक्टरांना फोन केला आणि वेळ पडली तर पूर्ण काढा म्हणून सांगितलं.

यंत्राखाली

या वेळी सुनंदा पहाटेपासून दारात खुर्ची टाकून बसली होती. ऑपरेशनच्या खोलीत थंडी होती. यंत्राचे हात वर गोळा करून ठेवलेले होते आणि सगळ्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या होत्या. सवयीनं माझे डोळे केबलकडे गेले, सांध्यांकडे गेले. तिथल्या तंत्रज्ञाला मी विचारलं, "इमर्जन्सी स्टॉप कुठं आहे?"

त्यानं हसत लाल बटण दाखवलं. आमच्याकडे असतं तसंच होतं. "आज सकाळी तपासलंय का?" मी विचारलं. तो म्हणाला, "तपासलंय काका." पेशंटनं असलं काही विचारू नये असं कुणाला वाटत असेल तर वाटो. मला त्यामुळे धीर आला. तुम्हाला ज्यानं धीर येईल ते तुम्ही विचारा.

डॉक्टर कोपऱ्यातल्या त्यांच्या यंत्राशी होते. खाली पायानं दाबायच्या पट्ट्या होत्या, त्या नीट लागाव्यात म्हणून त्यांनी पायातले जोडे काढून बाजूला ठेवले. एक मोजा अंगठ्याजवळ विरला होता. आता माझं सगळं या माणसाच्या हातात आणि पायात आहे, मशीनच्या नाही, हे मला त्या वेळी खरोखर पटलं. त्यानंतर मॅडमनी नाकावर मास्क धरला आणि पुढचं मला माहीत नाही.

वाट बघणं

जाग आली तेव्हा घसा कोरडा होता आणि खांदा ठणकत होता. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतो खांदा, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. पोटात हवा भरतात, तिच्यामुळे दुखतं. दोन दिवसांत जातं, घाबरू नका.

डॉक्टर आले. गाठ निघाली होती. किडनी पूर्ण काढावी लागली नव्हती. "पण रक्त बंद ठेवायला आम्हाला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला," ते म्हणाले. "ती परत कामाला लागते का, ते बघावं लागेल."

ते बघण्याचे दिवस ऑपरेशनपेक्षा वाईट होते. रोज सकाळी रक्त घ्यायचे आणि दुपारी किडनीचा आकडा यायचा, तो उतरायला हवा होता. पहिल्यांदा वाढला. दुसऱ्या दिवशी आणखी वाढला. सिस्टर लघवीच्या पिशवीकडे बघायची आणि माझ्याकडे न बघता जायची. डायलिसिसवाला विभाग एक मजला खाली होता. मला फिरायला नेताना सुनंदा मुद्दाम जिन्याच्या उलट्या बाजूनं न्यायची. मी आप्पाची तहान आठवून पाण्याचा प्रत्येक घोट सावकाश प्यायचो. कारखान्यातले दोघं वेल्डर भेटायला आले. एकजण म्हणाला, "शेवटी तुलापण रोबोटनंच वेल्डिंग केलं बघ." मी हसलो तर टाके ओढले. ते गेल्यावर मी उशीत तोंड घालून रडलो, आणि सुनंदानं मला रडू दिलं.

ती खिडकीपाशी बरीच उभी असायची. काय बघतेस विचारलं तर काही नाही म्हणायची. नंतर कळलं की समोरच्या चहाच्या टपरीवर आप्पा रोज येऊन बसत होता. मास्क लावलेला, चहा न घेता. संध्याकाळच्या गाडीनं जायचा, सकाळी परत यायचा. ती त्याला रोज बघत होती आणि मला सांगत नव्हती.

मग एका दुपारी आकडा वाढला नाही. दुसऱ्या दिवशी थोडा उतरला. त्यानंतर उतरतच गेला. डॉक्टर स्वतः सांगायला आले. "साधारण पाव भाग गेला. पाऊण भाग चांगला आहे, कामाला लागलाय. एवढ्यावर माणूस नीट जगतो." गाठीचा रिपोर्टही आला. कॅन्सरच होता, पण कापलेल्या कडा स्वच्छ होत्या, म्हणजे आत काही उरलं नव्हतं. दर काही महिन्यांनी स्कॅन करत राहायचं. पुन्हा काही निघेल का, हे कुणी सांगू शकत नाही. ती भीती अजून आहे आणि तिच्यासकट मी कामावर जातो.

डॉक्टर बाहेर गेल्यावर मी सुनंदाला म्हणालो, आप्पाला फोन करून सांगायला हवं. ती म्हणाली, "मी सांगते." तिनं माझा फोन घेतला. इतक्या वर्षांत तिनं कधी आप्पाला फोन केला नव्हता. ती खिडकीशी गेली, खाली बघत राहिली. मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला होता.

"आप्पा, मी सुनंदा."

पलीकडून काही आवाज येईना. माझा फोन आणि तिचा आवाज, त्यावरून त्यानं काय समजून घेतलं असेल, ते मला एकदम कळलं. तिलाही कळलं. ती घाईघाईनं म्हणाली, "चांगलं आहे आप्पा. चांगलं आहे. किडनी चालू झाली. डॉक्टर म्हणाले, ह्यांची पाव गेली, पाऊण राहिली."

"पाऊण," आप्पा म्हणाला.

"हो. ह्यांची पाऊण, तुमच्याकडची एक." तिनं खिडकीची काच सरकवली. "तुम्हा दोघांत मिळून पावणेदोन आहेत. आता दोघांनी नीट सांभाळा. आणि असं उन्हात काय बसलाय? वर या."